बिनपंख्याचं मशीन

लग्नानंतर मल्लेश्वरममधल्या ज्या घरात आम्ही राहायला गेलो, त्या घराच्या छताला पंख्याचा हूकच नव्हता. घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. कित्येक पिढ्या बंगळूरमध्ये मुरलेलं मराठी कुटुंब. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. हूक कुठे आहे असं मी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या घराण्यावर काही शिंतोडा उडवला असावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"बंगळूरला फॅन कशाला हो? खिडकी स्वल्प उघडा, झालं."

मी पुण्याचा. दुसऱ्या गावाची हवा आपल्यापेक्षा बरी आहे हे ऐकून घेणं माझ्या जिवावर येतं. पण ऐन दुपारी घरात शाल पांघरून बसायची वेळ आली, तेव्हा मुकाट्याने कबूल करावं लागलं. हळूहळू मीही पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना तेच ऐकवू लागलो. इथे पंखा लागत नाही हो, इथली हवाच तशी आहे.

बायको निपाणीची. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून अंध, आणि डोक्याने आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख. इतिहास घेऊन तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. शाळेपासून हीच त्याला धडे वाचून दाखवायची. लग्न होऊन ती इकडे आली, आणि आदल्या वर्षी पुस्तकं वाचून द्यायला कुणी नसल्यामुळे त्याचा इतिहासाचा पेपर राहिला. या वेळीही नाही निघाला तर शिक्षण पुरे, सरळ एसटीडी बूथवर बसवायचं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याला बूथवर बसायचं नव्हतं. त्याला मास्तर व्हायचं होतं. म्हणून ही रोज पुस्तक घेऊन बसायची, टेपरेकॉर्डरवर धडे वाचायची, आणि निपाणीकडे जाणारं कुणी भेटलं की त्याच्या पिशवीत कॅसेट टाकायची.

हे सगळं नीट चाललं होतं. मध्ये पडलो तो मी.

मला त्या कॅसेटी ऐकवत नसत. बटण दाबल्याचा खटका, खोकला, "थांब हं, चुकलं, परत वाचते," मग दुसरा खटका. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीतला माणूस, गावभर संगणकाचे गोडवे गाणारा, आणि माझ्याच घरातून असला माल बाहेर पडावा? सुटे भाग आणून मी घरी एक संगणक जुळवला, त्यात साउंड कार्ड बसवलं. तिने माईकसमोर वाचायचं, मी चुका कापून वाक्यं जोडायची, आणि स्वच्छ झालेला धडा कॅसेटवर उतरवायचा, असं ठरलं. पहिली कॅसेट गेली. मी कौतुकाची वाट बघत होतो. मेव्हण्याचा निरोप आला, "अक्का, मागं पिठाची गिरणी चालू होती काय?"

तो संगणकाचा पंखा होता. पंखे, खरं तर. एक प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला आणि एक मागे वीजपुरवठ्याच्या डब्यात. तोवर मला त्यांचा आवाज कधी जाणवलाच नव्हता, आणि त्या निरोपानंतर दुसरं काही ऐकू येईना. मशीन गोधडीत गुंडाळलं, तर ते तापलं. लांब ठेवलं, तर वायर पुरेना. बायको म्हणाली, "गिरणी तर गिरणी, त्याला चालतंय ना?" मला चालत नव्हतं. मी पंखे काढायचे ठरवले. ज्या गावात माणसांना पंखा लागत नाही, तिथे एका लोखंडी डब्याला तो कशाला लागावा, असा माझा हिशोब होता.

तो हिवाळा मी त्या डब्यात घालवला. प्रोसेसरची गती मुद्दाम कमी केली, म्हणजे तो कमी तापेल. रविवारच्या जुन्या बाजारात जाऊन दातेरी ॲल्युमिनियमचे ठोकळे शोधले. असा ठोकळा तापणाऱ्या भागावर बसवला की तो उष्णता शोषून हवेत सोडतो. एका दुकानदाराने ठोकळ्याबरोबर पंखाही पुढे केला. मी नको म्हणालो. "फॅन बेडवा, सार?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि शेवटी शेजारच्याला हाक मारून मला दाखवलं. वीजपुरवठ्याच्या डब्यातून पंखा उपटला, तेव्हा आतून जळका वास आला आणि घरातला फ्यूज उडाला. अण्णांच्या घरातलाही उडाला. दुसरा डबा आणला. कॅबिनेटच्या माथ्याला भोकं पाडली, खाली विटा लावल्या, गरम हवा वरून जावी आणि थंड हवा खालून यावी म्हणून. बोटं कापून घेतली. हार्ड डिस्क शेंगा फोडल्यासारखी कटकट करायची, तिला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलं. ऑफिसात लोक विचारायचे, पाळणा कधी हलतोय? त्यांचा रोख हार्ड डिस्ककडे नव्हता, एवढं मला कळत होतं.

आणि एका सकाळी ते साधलं. मशीन चालू केलं, पडदा उजळला आणि आवाज नाही. अजिबात नाही. मी बायकोला हाक मारली.

"चालू आहे?" तिने विचारलं.

"चालू आहे."

तिने कॅबिनेटला कान लावला आणि हसली. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन अण्णांना वर घेऊन आलो. त्यांनी चष्मा लावून सगळीकडून पाहिलं. "मी सांगितलं नव्हतं? आमच्या बंगळूरची हवा!" सगळं श्रेय हवेला देऊन ते खाली गेले.

आनंद फार टिकला नाही. मशीन गप्प झाल्यावर माईकला बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं. कोथिंबीरवालीचं "कोत्तंबरी सोप्पू!", अण्णांचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या, समोरच्या झाडावरचे कावळे, कुणाची तरी स्कूटर, जी सुरू होता होत नाही. गिरणीखाली हे सगळं आजवर झाकलेलं होतं. मी खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. जे तरीही आत शिरायचं, ते कापून काढायचो. पुढे पुढे मला बायकोच्या श्वासांचाही राग यायला लागला. दोन वाक्यांमधला श्वास कापायचा, पान उलटल्याची सळसळ कापायची, तिला मध्येच हसू आलं की तेही. ती म्हणायची, "मी आहे की नाही त्यात?" मी म्हणायचो, "फक्त धडा आहे. स्वच्छ." कॅसेटी निपाणीला जात होत्या. गिरणीबद्दलची तक्रार बंद झाली होती, आणि तक्रार नाही म्हणजे खूश असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग मार्च उजाडला आणि सगळं अंगाशी आलं.

ती फ्रेंच राज्यक्रांतीवरचा मोठा धडा वाचत होती. खिडक्या बंद, दार बंद, आम्ही दोघं घामाने निथळतोय. धडा संपत आला आणि पडदा गोठला. मशीन मेलं होतं. धडा त्याच्याबरोबर गेला, कारण पूर्ण झाल्याशिवाय तो साठवायचा नसतो, असं मीच ठरवलं होतं. ती पाणी प्यायली आणि तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. ते पुन्हा मेलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

गोम माझ्या लक्षात आली, पण लक्षात येऊन उपयोग काय? पंखा नाही म्हणून मशीनला वाहती हवा हवी. हवा हवी तर खिडकी उघडी हवी. खिडकी उघडली की कोथिंबीरवाली धड्यात. हिवाळ्यात बंद खोलीही गार असायची, म्हणून हे कळलंच नव्हतं. ज्या हवेच्या भरवशावर मी पंखे उपटले, तीच हवा मी खिटी लावून बाहेर कोंडली होती. माझा नुसता संताप झाला. मी कॅबिनेटवर ओला टॉवेल टाकला. भोवती बर्फाच्या वाट्या मांडल्या. एकेक धड्याचे तुकडे करून वाचायला लावलं, तर तुकडा सुरू व्हायच्या आत मशीन मान टाकायचं. परीक्षा जवळ येत होती. निम्मं पुस्तक वाचायचं बाकी होतं, आणि बायकोचा आवाज बसत चालला होता.

अण्णा एकदा वर आले, तेव्हा मी बर्फाच्या पाण्याने भिजलेली फरशी पुसत होतो. त्यांनी वारं घ्यायला पंचा फिरवला. "पहिलं असं नव्हतं हं. झाडं तोडली ना, म्हणून." मग मशीनकडे बघून अगदी कळवळ्याने म्हणाले, "त्याला एक फॅन लावा की."

मी फडकं पिळलं. बोललो असतो तर घर सोडावं लागलं असतं.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. पंखे माळ्यावर पडले होते, पण आता ते परत लावायचे म्हणजे गिरणी परत, म्हणजे सगळा हिवाळा पाण्यात. मी बायकोला म्हणालो, दोन दिवस दे, आणखी मोठा ठोकळा बसवतो. ती आजवर या प्रकरणात एका शब्दाने कधी मला लागेल असं बोलली नव्हती. तिने पुस्तक मिटलं.

"अहो, परीक्षा त्याची आहे. तुमच्या डब्याची नाही."

तिने जुना टेपरेकॉर्डर काढला. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पदर खोचून खिडकीशी बसली आणि राज्यक्रांती पहिल्यापासून वाचायला लागली. खटका, ठसका, "थांब हं, चुकलं." मला ते ऐकवेना. मशीन उचलून मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिथल्या ओट्यावर ते उघडून बसलो. ती वाचत राहिली, मी खुडबुड करत राहिलो. जेवणापुरते आम्ही बोलायचो. तिची शेवटची कॅसेट परीक्षेच्या आधी निपाणीला पोचली. माझं मशीन तोवर तसंच मरत होतं.

इतिहासाचा पेपर झाला त्या संध्याकाळी खालून अण्णांनी हाक मारली. आमचे फोन त्यांच्याकडेच यायचे. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर होती, म्हणून मी धावत गेलो. मेव्हणा होता.

"दाजी, पेपर लई भारी गेला!"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हा आता बूथवर बसत नाही, एवढं त्याच्या आवाजावरूनच कळलं. मी त्याला शाबासकी दिली. आणि मग राहवलं नाही, विचारलंच, "कॅसेटचा आवाज कसा होता रे? त्या हिवाळ्यातल्या?"

"दाजी, रागावू नका."

"नाही रागावत. बोल."

"त्या लई स्वच्छ होत्या. पण सगळं एकसारखं. कुठलं कुठं हाय तेच कळंना. अक्काच वाचत्या का दुसरंच कोण, असं वाटायचं. शेवटच्या कॅसेटी बेस्ट."

"त्या टेपवरच्या?"

"व्हय. त्यात सगळं जागच्या जागी हाय की. सोप्पूवाली वरडली तिथं राजाचे कर. अक्काला ठसका लागला तिथं पावाची टंचाई. आज क्रांतीची कारणंच आली. मी आपला एकेक आवाज आठवत लेखनिकाला सांगत गेलो."

अण्णा शेजारी उभे राहून ऐकत होते. मी पाठ फिरवली.

"पण शेवटचं कारण काय केल्या आठवंना," तो सांगत होता. "लेखनिक पेन धरून बसलाय, वेळ चाललाय. मला तर घामच फुटला. मग एकदम तुम्ही आठवला."

"मी?"

"तुम्ही आतनं वरडलाय नव्हं का त्यात? 'मेलास का परत, मेल्या!' त्याच्या फुडचंच वाक्य ते."

आणि ते वाक्य त्याने मला फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं, खजिना रिता झाल्यापासून पूर्णविरामापर्यंत. बायको तोवर जिन्यावरून धावत आली होती, हात पुढे करून उभी होती. मी तिच्याकडे रिसीव्हर दिला. पेपर कसा गेला, असं ती मला आधी डोळ्यांनी विचारत होती. मी मान हलवली, चांगला गेला. बाकीचं मला सांगता येईना. मी त्या पोरासाठी महिनोन् महिने राबलो होतो, आणि त्यातलं त्याच्या पेपरात उतरलं ते एवढंच, माझं ओरडणं.