पाकिटांवरचं अक्षर

शशी खोपकरांना ओळखत नाही असा माणूस आज सॉल्टहेवनमध्ये सापडणं कठीण. पण दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर त्यांना नावानं हाक मारणारी माणसं तीनच होती: शेजारची मॉरीन, कोपऱ्यावरचा केमिस्ट आणि दवाखान्यातली नर्स. नवरा रघुवीर गेल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडतच नव्हत्या. लेक नीना लंडनच्या टोकाला, पिनरला. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच विषय काढायची. "आई, इनफ आता. हे घर विक आणि आमच्याकडे ये. उन्हाळ्यापर्यंत करून टाकू."

शशीताई "बघू" म्हणायच्या. मनातून त्यांनी जवळजवळ होकार दिलाच होता. या गावात आता त्यांचं राहिलं होतं तरी काय?

इंग्लंडातल्या एसेक्सच्या किनाऱ्यावरचं हे गाव एके काळी सुटीवर आलेल्या माणसांनी फुलून जायचं. लंडनच्या ईस्ट एंडमधले गोदी कामगार, मोटारीच्या कारखान्यातले फिटर, त्यांच्या बायका, पोरं, सासवा. ऑगस्टात कारखाना पंधरा दिवस बंद राहायचा आणि आळीच्या आळी इथे येऊन उतरायची. गेस्ट हाऊसच्या मालकिणी म्हणजे एकेक जमादारीण. सकाळचा ब्रेकफास्ट झाला की पाहुण्यांना बाहेर काढायच्या आणि संध्याकाळी पाचच्या आत दार उघडायच्या नाहीत. मग पाऊस असो की बोचरा वारा, माणसं दिवसभर समुद्राकाठच्या रस्त्यावर, पियरच्या लांब लाकडी धक्क्यापर्यंत येरझाऱ्या घालत. त्या रस्त्यावर लेन टर्वी या फोटोग्राफरची माणसं कॅमेरे घेऊन उभी असत. चालत्या माणसाचा फोटो काढायचा आणि हातात नंबराची चिठ्ठी ठेवायची. संध्याकाळी दुकानात या, बघा, आवडला तर घ्या.

शशीताई इथे आल्या १९७४ साली, चोवीस वर्षांच्या असताना. लंडनला वेम्बलीतल्या ओल धरलेल्या खोलीत रघुवीरचा दमा इतका वाढला की डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली. त्याला इथल्या बस डेपोत मेकॅनिकचं काम मिळालं आणि शशीताईंना टर्वीच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. फोटो धुवायचे, वाळवायचे, पाकिटात घालायचे.

दुसऱ्याच महिन्यात काउंटरवरची मुलगी आजारी पडली आणि लेननं शशीताईंना पुढे उभं केलं. एक बाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी दुसरं कुणी येईपर्यंत थांबते."

लेन आतूनच ओरडला, "मग पुढच्या सीझनपर्यंत थांबा, मॅडम!"

बाई तणतणत निघून गेली. शशीताई मात्र काउंटरवर राहिल्या, त्या पुढचे सात उन्हाळे. इंग्रजी लिहायला त्यांना वेळ लागे आणि समोर तर रांग लागलेली. म्हणून पाकिटांच्या मागे त्या पेन्सिलीनं मराठीत टिपण करत: तारीख, जागा आणि माणूस ओळखू यावा म्हणून चार शब्द. लेनला त्यातलं काही कळायचं नाही. "तुला सापडतंय ना? मग माझी काही तक्रार नाही," म्हणायचा.

पुढे माणसं स्वस्तात विमानानं स्पेनला जायला लागली. दुकान बंद पडलं. शशीताई शाळेच्या किचनमध्ये लागल्या, तिथूनच रिटायर झाल्या आणि ते सात उन्हाळे त्यांच्या स्वतःच्याही डोक्यातून गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत मॉरीननं त्यांना जवळजवळ ओढतच लायब्ररीत नेलं. "आमच्या लोकल हिस्टरी ग्रुपला ये. निदान चहा तरी गरम असतो."

वरच्या मजल्यावर आठ-दहा म्हातारी मंडळी टेबलाभोवती बसली होती. मधोमध तीन खोकी. टर्वीच्या जुन्या दुकानात आता कॅफे झाला होता. तिथल्या माळ्यावर ही खोकी सापडली होती. आत कुणी न नेलेल्या फोटोंची शेकडो पाकिटं.

"हजारभर चेहरे," ग्रुपचे सेक्रेटरी ग्रॅहम सुस्कारा टाकून म्हणाले. "पण ना साल, ना जागा. मागे नुसत्या रेघोट्या. शॉर्टहँड जाणणाऱ्या एका बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, जगातलं कुठलंच शॉर्टहँड हे नव्हे."

एक पाकीट हातोहात फिरत शशीताईंपर्यंत आलं. त्यांनी चष्मा चढवला. त्यांचंच अक्षर. लपेटदार, घाईतलं.

"सतरा ऑगस्ट शहात्तर," त्या हळूच वाचू लागल्या. "पियरच्या तोंडाशी. चष्मेवाली, दोन मुली. धाकटीचं आइस्क्रीम पडलं."

ग्रॅहमनी पाकिटातला फोटो काढला. चष्मा लावलेली एक बाई, दोन मुली, आणि धाकटी पायाशी बघून भोकाड पसरलेली.

मग मॉरीन म्हणाली, "शशी, चाळीस वर्षं तू माझ्या शेजारी राहतेस आणि हे मला आज कळतंय?"

त्या दिवसापासून दर सोमवारी आणि गुरुवारी शशीताई लायब्ररीत जाऊ लागल्या. त्या वाचायच्या, इंग्रजीत सांगायच्या, ग्रॅहम टाइप करायचे. 'नवं लग्न, नवरा लाजाळू.' 'आजी फोटो नको म्हणते, सून घेणार.' 'भांडण झालंय, तरी हात धरलाय.' ऐकताना मंडळी खो खो हसायची. कधी कुणी मधेच थांबवायचं, "अरे, ही तर मिसेस डॉसनच्या गेस्ट हाऊसची पायरी!" आणि मग तासभर त्या मिसेस डॉसनचाच उद्धार.

मार्चमध्ये नीना आली ती इस्टेट एजंटची अपॉइंटमेंट ठरवूनच. घरात पाय ठेवते तो डायनिंग टेबलवर लायब्ररीतून आणलेल्या पाकिटांचे ढीग.

"आई, ही तुझी अक्षर आहे?"

"तुझं अक्षर. हो, माझंच."

नीना एकेक पाकीट उलटून बघत राहिली. वाचता येत नव्हतं, म्हणून शशीताईंकडून वाचून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं तू नुसतं शॉपमध्ये काम करायचीस. तू कधी सांगितलंच नाहीस."

"तू कधी विचारलंस?" शशीताई हसून म्हणाल्या, पण नीनाला ते लागलं. तिनं एजंटला फोन करून अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुटीला लायब्ररीत प्रदर्शन लागलं. भिंतीवर दोनशे फोटो, प्रत्येकाखाली शशीताईंचं टिपण, मराठीत आणि इंग्रजीत. पेपरात बातमी आली होती. माणसं रॉमफर्डहून, वॉटफर्डहून, पार केंटमधून आली. आपली आई, आपला काका, आपण स्वतः सापडतो का ते नाक भिंतीला लावून शोधू लागली.

दुपारी पन्नाशीतला एक उंच गृहस्थ एका फोटोपुढे थांबला तो हलेचना. फोटोत एक तरुण बाई रडक्या मुलाला हसवण्यासाठी गाल फुगवून उभी होती. शशीताई जवळ गेल्या.

"हा मी," तो म्हणाला. "आणि ही माझी आई. माझं नाव टेरी. त्याच संध्याकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिला ॲम्ब्युलन्सनं लंडनला नेलं. नाताळ काही तिनं पाहिला नाही. आमच्याकडे तिचा फोटो आहे तो लग्नातला, त्यात ती ताठ उभी. अशी ती... मला आठवतच नव्हती." त्यानं खालच्या मराठी ओळींवर बोट ठेवलं. "इथे इंग्रजीत एकच ओळ आहे. मराठीत तीन दिसतात."

बाकीच्या दोन ओळी शशीताईंनीच गाळल्या होत्या, कामाच्या नाहीत म्हणून. आता त्यांनी त्या वाचून दाखवल्या. "पहिली ओळ, 'पोर रडतंय, आई हसवतेय. उद्या नेते म्हणाली.' त्याखाली दोन दिवसांनी, 'आली नाही.' आणि सीझन संपताना, 'टाकवत नाही. ठेवून देते.'"

टेरीनं शशीताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. तो म्हणाला, "फोटो तर हवाच. पण ते पाकीटही मला द्याल का?"

ग्रॅहमना नियम आठवत होते. शशीताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ग्रॅहम पाकीट आणायला गेले.

नीना हे सगळं दारातून बघत होती. संध्याकाळी खुर्च्या आवरताना ती म्हणाली, "आई, घराचं... तू सांग काय करायचं."

"अजून सहाशे पाकिटं आहेत," शशीताई म्हणाल्या. "ती सोडून मी पिनरला येऊन काय करू? तूच ये इथे. ऑगस्टात पंधरा दिवस, सगळ्यांना घेऊन."

"अँड यू वोन्ट थ्रो अस आउट आफ्टर ब्रेकफास्ट?"

"ते तुमच्या वागण्यावर आहे."

एजंटची अपॉइंटमेंट नीनानं त्याच आठवड्यात कायमची रद्द केली. उन्हाळा संपेपर्यंत त्रेसष्ट फोटो आपापल्या माणसांकडे गेले. जुलैत वॉटफर्डच्या महाराष्ट्र मंडळानं शशीताईंना बोलायला बोलावलं. त्या पहिल्यांदाच माइकसमोर उभ्या राहिल्या, सुरुवातीला अडखळल्या आणि मग अर्धा तास थांबल्याच नाहीत. भाषण संपल्यावर मंडळाच्या आशाताई पुढे आल्या. "शशीताई, पुढच्या महिन्यात आम्ही कोच करून येतो. पंचावन्न माणसं. चालेल ना?"

"या की!" शशीताई म्हणाल्या. "पण स्वेटर आणा. आमच्या समुद्रावर ऑगस्टातही वारा असतो."