हाताने ऐकणारा इलेक्ट्रिशियन

त्या कापसाच्या हंगामात माझा ट्रक चावीला दाद देईनासा झाला. ट्रक जुनाच. मी तो तिसऱ्या मालकाकडून घेतलेला. पण आसपासच्या खेड्यांतला कापूस दिग्रसच्या जिनिंग कारखान्याला पोचवताना त्याने मला कधी वाटेत सोडलं नव्हतं. आता चावी फिरवली की समोरचे दिवे मंदावायचे, खालून एकदा ‘टक्’ व्हायचं आणि मग सगळं गप्प. पाच-सहा वेळा फिरवल्यावर कधी इंजिन उचलायचं, कधी नाही. जिनिंगच्या आवारात हमालांना हात जोडून धक्का मारायला लावायची पाळी आली.

मी बॅटरी बदलली. इंजिनाला पहिला फेरा देणारा सेल्फ खोलून दुरुस्त करून घेतला. कोणी म्हणालं चावीचं स्विचच गेलं असेल, तेही नवीन बसवलं. दर वेळी दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच ‘टक्’. शेवटी टायरवाल्याने सांगितलं, पुसद रस्त्यावर एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे चाचा म्हणतात, त्यांना दाखव. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवा हात गेला, वाचाही गेली. मी म्हटलं, मग ते काय करणार? तो म्हणाला, तू जा तर खरं.

सकाळीच ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेला. कडुलिंबाखाली टिनाचं शेड होतं आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर चाचा बसलेले. पांढरी दाढी, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. त्यांची बायको, चाची, साठीच्या असतील. पदर कमरेला खोचून त्या एका जीपचा डायनामो जोडत होत्या. मी चाचांसमोर उभा राहून पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायला लागलो. काय काय बदललं तेही सांगितलं. चाचींनी पाना खाली ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमी सांगू नका. चावी फिरवा. ते गाडीचंच ऐकतीन.”

मी चावी फिरवली. टक्. चाचांनी डावं बोट वर केलं, म्हणजे पुन्हा. तीनदा झाल्यावर त्यांनी चाचींकडे पाहिलं. चाचींनी त्यांच्या काखेत खांदा घालून त्यांना उभं केलं आणि एकेक पाऊल टाकत इंजिनापाशी आणलं. बोनेट उघडलेलंच होतं. इंजिन बंद करायला कॅबिनमधून ओढायची एक बारीक तार असते, ती जिथे डिझेलच्या पंपाला येऊन मिळते तिथे चाचांनी डावा हात टेकवला आणि मला मानेने खूण केली. टक्. त्यांनी हात काढला, चाचींचा हात धरला आणि त्याच जागी ठेवला. दोघांमध्ये एवढंच झालं.

“इथं हात लावून पाहा,” चाची मला म्हणाल्या.

तार चहाच्या ग्लासासारखी गरम होती. इंजिन तर थंडगार, सकाळपासून धड फिरलंही नव्हतं.

“करंट बॅटरीतून सेल्फले जाते, तं त्याले परत बी या लागते,” चाचींनी सांगितलं. “परत यायचा रस्ता तुटला. म्हणून तो या बारक्या तारीतून घुसून राह्यला.”

ही तार ओढायची मूठ पंधरा दिवसांपासून जड झाली होती. तार तापून आत चिकटत होती आणि मी तिला तेल घालत बसलो होतो. तिचा आणि चावीचा काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं. चाची गाडीखाली गेल्या आणि इंजिनाला चेसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवून आल्या. वरून पाहिलं तर धड दिसत होती. त्यांनी ती वाकवली तेव्हा कळलं, आतून सगळी वीण तुटलेली, चार-पाच तारांवर लोंबकळत होती. म्हणूनच गाडी कधी लागायची, कधी नाही.

नवीन जाड केबल लावण्याआधी त्यांनी चेसीवरचा रंग आणि गंज खरवडला. चाचांनी त्यांच्या हातातला खरवडलेला चुरा अंगठ्याने चोळून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. त्या आणखी खरवडायला पुन्हा खाली गेल्या. मग केबल आवळली, मी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. मी उतरून चाचांचे पाय धरणार होतो.

पण चाचांचा चेहरा खुलला नव्हता. बंपरवर तळहात ठेवून ते उभे होते. त्यांनी मला इंजिन बंद करायला लावलं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग त्यांनी डावा हात पाण्यातल्या होडीसारखा हलवला. चाची बघत राहिल्या, त्यांना कळलं नाही. चाचांनी डाव्या हाताची मूठ करून आपल्या निकामी उजव्या तळव्यावर दोनदा आपटली.

“रबर,” चाची म्हणाल्या.

इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एक चुरा झालं होतं. बंद होताना इंजिन आडवा झोका खात होतं आणि त्या झोक्यांनीच पट्टी तुटली होती. केबल नवी टाकली तरी महिन्या-दोन महिन्यांत तीही गेली असती. मी बाजारातून रबर आणलं. चाचींनी फळी ठेवून जॅकने इंजिन बोटभर उचललं आणि ते बसवलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मी बोल्ट धरण्यापुरता उपयोगी पडलो. त्या ट्रकच्या स्टेअरिंगमागे माझी कित्येक वर्षं गेली आहेत, तो कुठल्या गिअरला कसा कण्हतो मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. या माणसाने नुसता हात टेकवून माझ्याहून जास्त ऐकलं होतं.

निघताना मी चाचींना विचारलं, त्यांचं तुम्हाला इतकं कसं कळतं? त्या केरोसीनने हात धूत होत्या.

“बोलत होते तवा कुठं एवढं ऐकत होती मी,” त्या म्हणाल्या. “तवा वाटे, आहेतच तं. उद्या विचारू.”

चाचांनी माझ्याकडे पाहत बोटांनी काहीतरी खूण केली. चाची पदर तोंडाशी धरून हसल्या. काय म्हणाले ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. जिनिंगवर गाड्यांची रांग वाढायच्या आत पोचायचं होतं.