सांध्याला दिलेला थेट करंट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — माणूस तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हालाही तो आवडला असता. सगळ्यांनाच आवडतो. मला आवडत नाही — कधीच आवडला नाही, आजही नाही. एवढं आधी स्पष्ट असू दे.

मिलिंद माझा साडू. मूळचा पुण्याचा, एचएसआर लेआउटला फ्लॅट, कंप्युटरची नोकरी आणि एक खोलीभर खेळण्यातली रेल्वे. मी बेळगावकडचा, सरकारी कारखान्यात विजेच्या देखभालीत जन्म घालवून के. आर. पुरमला निवृत्त होऊन बसलेला. सासरी मला सगळे अण्णा म्हणतात. तोही म्हणतो. त्याच्या तोंडून ते मला शिवीसारखं ऐकू येतं — का? त्याने मला कधी वाकडा शब्द ऐकवलेला नाही. उलट फार गोड बोलतो. गोड बोलूनच तर —

असो. आमच्या या कानडी शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी घाटातल्या स्टेशनचा हलता देखावा करायचं ठरलं. गाड्या त्याच्या, पुठ्ठ्याचे डोंगर बायकांचे आणि वीज माझी.

आता सांधा म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. खेळण्यातल्या सांध्याखाली एक छोटी कॉइल असते. तिला मोटर म्हणतात, पण ती फिरत नाही. क्षणभर करंट मिळाला की खट्‌कन सांधा ओढते. क्षणभरच. करंट चालू राहिला तर ती जळते. म्हणून मिलिंदने मध्ये एक डबा बसवला होता. डब्यातला कपॅसिटर साठवलेला झटका एकदाच सोडतो. मग बटण कितीही वेळ दाबून धरा. देखाव्याचं बटण मुलांच्या हाती द्यायचं होतं, आणि मुलं बटण सोडत नाहीत, हे त्याने आधीच ओळखलं होतं. हुशार आहे — नाही कुठे म्हणतोय मी?

पहिल्या जोडणीत मी डबा वगळून बटणाच्या तारा सरळ ट्रान्सफॉर्मरला लावल्या. तेव्हा खरोखरच चुकून. मंडळातले सगळे चहा पीत आजूबाजूला उभे होते. "अण्णा, प्लीज, डायरेक्ट नका देऊ," तो म्हणाला. "तुमच्या फॅक्टरीतल्या मोटर्स वेगळ्या. ही बिचारी लगेच जाईल." लोक हसले. माझी बायकोही हसली. मी "सरी, सरी" — कानडीतलं बरं, बरं — म्हणत डबा जोडला.

तिथेच थांबलो असतो तर? पण नाही थांबलो. आरतीच्या आधी, सगळे प्रसादाच्या गडबडीत असताना, मी टेबलाखाली शिरलो, डबा सोडवला आणि तारा पुन्हा थेट लावल्या. या वेळी चुकून नाही. मला त्याची कॉइल जळायला हवी होती. स्वल्प धूर, लोकांची कुजबुज, त्याचं उतरलेलं तोंड — एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. मुलं त्या टेबलाला खेटून उभी राहणार, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

आरती संपली. कुणाच्या तरी मुलीने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. कॉइल जळाली, वरचा पुठ्ठ्याचा डोंगर पेटला. मिलिंदने मुलीला मागे ओढलं आणि उघड्या हातांनी तो डोंगर विझवला. मी काय केलं? मेन स्विच बंद केला — त्याबद्दल माझं कौतुक झालं. मग आवराआवरीच्या निमित्ताने पुन्हा टेबलाखाली गेलो आणि डबा होता तसा जोडून ठेवला.

त्याला तो तसाच सापडला. त्याचा डबा, त्याची रचना — म्हणजे चूक त्याचीच. हातांना पट्ट्या बांधून त्याने त्या मुलीच्या आईवडिलांची माफी मागितली, मंडळाची मागितली आणि शेवटी माझ्यासमोर उभा राहिला. "सॉरी अण्णा, माझ्यामुळे तुमचंही नाव खराब झालं." मी काय म्हटलं असेल? "असू द्या, होतं असं." माफ केलं मी त्याला. चारचौघांत.

पुढे कित्येक महिने तो डबा तपासत बसला. डबा ठीक, बटण ठीक. "असं होऊच शकत नाही," म्हणायचा आणि पुन्हा मीटर लावायचा. मग एक दिवस त्याने रूळ उखडले, गाड्या कुणाला तरी देऊन टाकल्या. मेव्हणी सांगते, आता घरातला साधा होल्डर बदलायलाही तो इलेक्ट्रिशियन बोलावतो. स्वतःच्या हातावर त्याचा भरवसा उरलेला नाही. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. लाज वाटली, पण ती नंतर.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. बहिणी-बहिणी स्वयंपाकघरात बोलत होत्या. ताटातून मान वर न करता त्याने विचारलं, "अण्णा, एकदाच खरं सांगा. त्या दिवशी डबा कनेक्टेड होता ना?"

त्याच्या तळहाताची कातडी अजून चकचकीत दिसते. आम्ही दोघंच होतो. खरं सांगणं किती सोपं होतं!

"होता," मी म्हटलं. "मी स्वतः जोडला होता." आणि आतल्यांना हाक मारून आमटी मागितली.