ध्रुवाशेजारचा पुसट तारा

परवा नातीनं मोबाइल आभाळाकडे धरला. म्हणाली, “आजी, ध्रुवाजवळचा हा पुसट तारा सूर्याहून कितीतरी मोठा आहे.” मी वर पाहिलं आणि पिंपळनेरचं अंगण आठवलं, जीपच्या डिझेलच्या वासासकट.

आमच्या घरात दिवेलागणीनंतर गाडी काढणाऱ्यानं नजरेची खात्री म्हणून आधी हा तारा दाखवायचा, मगच चावी हातात. त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सासरी पोचवायचं होतं. व्याही खाटेवर चहा पीत होते. आईनं वडिलांना विचारलं, “तारा दिखस का?”

“दिखस ना! तो काय, तठे शे,” आबा म्हणाले.

त्यांचं बोट कडुनिंबाकडे होतं. तिथे तारा नव्हताच. आई कपबशा उचलायला वाकलेली, व्याह्यांना तारा ठाऊक नाही. कळलं ते मला एकटीला. पण व्याह्यांदेखत बापाला खोटं कसं पाडायचं? चावी माझ्याच हातात होती. मी दिली.

घाटातल्या वळणावर जीप वळलीच नाही. आबा, अक्का, व्याही, तिघंही गेले. गाव म्हणालं, रस्ताच वाईट. मीही मान डोलावली.

“आजी, एवढा मोठा आहे, तरी नीट दिसत का नाही गं?” नात विचारत होती.

मला तर तो त्या दिवशीही लख्ख दिसत होता.