नोव्हेंबरातली पूर्ण माफी

धारगळच्या हमरस्त्यापासून थोडं आत असलेल्या आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घर एकच होतं, आणि तेही आमच्या परसाला खेटून. त्या घरातल्या बाईला मी मावशी म्हणायची. तिचा नवरा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. आमच्या परसातून एक पायवाट जायची. तिनं गेलं की ही माणसं पटकन रस्त्याला लागत. नाताळात तिकडून नेवऱ्या आणि दोदोल, म्हणजे गूळ-नारळाचा हलवा, यायचा, चवथीला इकडून करंज्या जायच्या. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

मग एका उन्हाळ्यात मावशीचं डुक्कर सुटलं आणि आईनं लावलेली तांबडी भाजी त्यानं मुळासकट उकरून ठेवली. आईला नाकावर माशी बसलेली खपत नसे. तिनं त्याच दिवशी वाटेवर काट्यांची वंय, म्हणजे कुंपण, घालून घेतली. मावशीचा नवरा माफी मागायला आला, तेव्हा "मी घरात नाय" असं तिनं घरातूनच सांगितलं. मी हसले तर माझ्यावरही डाफरली.

पुढच्याच पावसाळ्यात तो माणूस गेला. छातीत कळ आल्याचं निमित्त झालं. मागची वाट बंद, म्हणून त्याची पेटी भर पावसात शेताच्या बांधांवरून वळसा घालून इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, न्यावी लागली. एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, पेटी कलली, आणि मावशीनं फोडलेली किंकाळी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. आई म्हणायची, एका शब्दानं विचारलं असतं तर मीच कोयता घेऊन धावले असते. मावशी म्हणायची, अशा वेळी विचारायचं असतं का? दोघींचंही बरोबर होतं, म्हणून दोघींचं बोलणंच तुटलं.

माझ्याशी मात्र मावशी बोलायची. मी तेव्हा म्हापशाच्या शाळेत इतिहास शिकवत होते. ऑक्टोबर सरता सरता एका शुक्रवारी बाजार करून ती मला परतीच्या बसमध्ये भेटली. मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोज सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जाऊन नवऱ्यासाठी इंदुल्जेंस मिळवायची आहे, असं ती म्हणाली. मी चमकलेच. आमच्या पुस्तकात पापमुक्तीची पत्रं विकल्याचा धडा होता. तो प्रकार चारशे वर्षांपूर्वीच संपला, असं मी मुलांना ठासून सांगत असे.

"अजून विकतात?" मी विचारलं.

"विकूंक ती काय सुकी मासळी?" मावशी म्हणाली. "विकप कधीच बंद जालां. इंदुल्जेंस आसा. आयक. माजां डुकर तुमच्या भाजयेत गेलां. समज, तुज्या आयेन माका माफ केलां. पाप गेलां. पण भाजी? ती उकरलेलीच रवली मगे. ती कोणी तरी परत लावूंक होयी. पापाची माफी कुमसारात मिळता, पण ही मोडतोड उरता. जित्या जिवाक जमली नाय तर मेल्यार पुर्गातोरात रावन भरून काढूची पडता. आमी हांगा प्रार्थना केली की इगर्ज जेजूच्या आनी सांतांच्या पुण्यातल्यान ती भरून काढता."

इतकं साधं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय उदाहरणाला तिनं स्वतःचंच डुक्कर घेतलं होतं! मी खूश होऊन पुढचं विचारत गेले. सिमितेरीत जाऊन मृतासाठी प्रार्थना करायची. कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करणं, झालेलं असलं पाहिजे. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन कोमुन्यांव, म्हणजे तिथला पवित्र प्रसाद, घ्यायचं. पोपच्या इच्छेसाठी प्रार्थना करायची. हे सगळं ती करणारच होती, गुडघे दुखत असले तरी. अडलं होतं ते शेवटच्या अटीपाशी. कुठल्याही पापाची, अगदी बारक्या पापाचीही, ओढ मनात राहता कामा नये. राहिली तर माफी पूर्ण मिळत नाही, अर्धवट मिळते.

"माज्या घोवाक अर्धवट कित्याक?" ती म्हणाली. मग तिनं मेणबत्त्या एकदा मोजून पुन्हा पुड्यात बांधल्या. आमचा थांबा जवळ आल्यावर म्हणाली, "प्रार्थना कितीय सांग, करीन. पण डोळे मिटले की तुजी आय दिसता. आनी ती कलंडलेली पेटी. ह्यो राग माका आवडता गो. तोच सुटना नाय."

राग आवडतो, असं कबूल करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही रागाला नेहमी स्वाभिमान वगैरे नावं देतो. मला त्या बाईचा हेवा वाटला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे कावळो शिवना नाय."

आईचा हिशेब सरळ होता. आजोबांच्या दहाव्याला पिंडाकडे कावळा फिरकेना, तेव्हा काकानं मोठ्यानं शब्द दिला, की गाय विकणार नाही. मग कुठे कावळा शिवला. मेलेल्याचं काही अडलं असेल तर जिवंत माणसानं त्याला सांगून मोकळं करायचं असतं. तेव्हा शेजारचा माणूस आपल्या वंयीपाशी अडकला आहे, अशी तिची खात्रीच झाली. मी पुर्गातोर, म्हणजे स्वर्गाआधी जीव शुद्ध होण्याची जागा, समजावू पाहिलं, पण तिला कावळाच पुरेसा होता.

तरी ती हलली नाही. हलली ती मावशी. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, सकाळीच ती बांधावरून वळसा घालून आमच्या अंगणात आली. काळा झगा, डोक्यावर काळी ओढणी. पायरीखालूनच म्हणाली, "वैनी, मी तुका माफ केलां. तुवां मागूंक नाय, तरी केलां. आता कुमसाराक जातां."

आईचा पारा चढला. "माफ? माका? डुकर कोणाचां होतां?"

मावशीचे ओठ थरथरले, पण ती मागे वळली आणि आल्या वाटेनं लांबून निघून गेली. तिच्या जागी मी असते तर त्या डुकरावरून आईचा पुरता समाचार घेतला असता. ती गप्प राहिली, त्यासाठी तिला किती कष्ट पडले असतील ते मला तिच्या ओठांवरून कळलं.

दुपारपर्यंत आई भांड्यांवर राग काढत होती. मग तुळशीकडचे झेंडूचे गोंडे खुडून तिनं पदरात घेतले आणि मला म्हणाली, "चल, माका ती सिमितेर दाखय."

देवळात जातात तशी आईनं फाटकाबाहेर चपला काढल्या. आत जागोजाग मेणबत्त्या तेवत होत्या. नवऱ्याच्या क्रुसापाशी मावशी गुडघ्यांवर बसली होती. आईनं गोंडे मातीवर ठेवले, हात जोडले आणि चारजण वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आयक रे बाबा. तुजी वाट मी बंद केली. आजच उघडतां. आता अडान रावू नको, जा."

आणि तिनं वर झाडाकडे पाहिलं. ती कावळा शोधत होती, हे मला कळलं आणि हसू की रडू कळेना.

"आता सुटलो मगे तो?" आईनं मावशीला विचारलं.

"ता देवाक खबर, वैनी."

"पण मी येवंक नसते तर? माज्यामुळे अडकलो असतो मगे?"

मावशी क्रुसाला धरून उठली. डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. "तुज्यामुळे कित्याक अडकतलो? माफ करूचां काम माजां होतां. ता मी सकाळीच केलां."

आई एवढीशी झाली. आपल्या हातात एक अख्खा जीव आहे असं धरून ती आली होती, आणि तिच्याशिवायच सगळं होऊन गेलं होतं. मावशीनं तिच्यावर काहीच टांगून ठेवलं नव्हतं, अगदी उपकारसुद्धा. इतकी पूर्ण माफी मी तोवर पाहिली नव्हती.

"मग मी वाट उघडू कोणासाठी?" आईनं हळूच विचारलं.

"माज्यासाठी," मावशी म्हणाली. "माका लांब पडता गो."

त्या संध्याकाळी आईनं कोयत्यानं वंय तोडली, आणि पलीकडून मावशी काटे ओढत होती.