भक्कम मिस्त्रींचं कॅरिअर

मिस्त्रींचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. बाकी सगळे त्यांना भक्कम मिस्त्री म्हणतात. काम कुठलंही असो, फाटक, जिना, खिडकीची जाळी, वेल्डिंगचा शेवटचा टाका मारून झाला की चष्मा कपाळावर सारायचा, लोखंडावर दोन थापा द्यायच्या आणि म्हणायचं, "भक्कम." बायकोनं एकदा विचारलं, चहा कसा झालाय, तर तिलाही हेच उत्तर मिळालं. दोन दिवस ती बोलली नव्हती म्हणतात. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण हा किस्सा तीच सगळ्यांना सांगायची, तेव्हा खोटा नसावा.

दुकान म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. एका भिंतीला पाइपांची चळत, दुसऱ्या भिंतीला वेल्डिंगचं मशीन, मधे काम ठेवायला दोन लोखंडी घोडे, आणि मिस्त्रींना बसायला फाटक्या गादीचं एक स्टूल. इथे त्यांनी तीस वर्षं काढली. आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांचं नाव झालं ते एकाच गोष्टीनं, गाडीच्या टपावरच्या कॅरिअरनं.

तेव्हा कुणी मोठी गाडी घेतली की शोरूममधून थेट मिस्त्रींकडे यायचा. कंपनीचं कॅरिअर म्हणजे दोन आडवे दांडे आणि चार पाय. दिसायला गुळगुळीत, किंमत मात्र ऐकून माणूस मटकन खाली बसावा अशी. मिस्त्री चौकोनी लोखंडी पाइपचं करायचे. खाली जाळी, चहूबाजूंनी कठडा, मागे चढायला शिडी. बसवून झालं की स्वतः वर चढून उड्या मारायचे. सत्तर किलोचा माणूस टपावर नाचतोय आणि कॅरिअर हूं की चूं करत नाही, हे बघितल्यावर त्या दोन दांड्यांच्या नादी कोण लागेल?

गोम होती ती इथेच. कॅरिअर तुटेल का, एवढा एकच प्रश्न मिस्त्रींना माहीत होता. गाडीला ते झेपेल का, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. लोखंडात हयात गेलेल्या माणसाकडे सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, आणखी लोखंड.

वायरमन हा त्यांचा जिवाभावाचा दोस्त. शाळेत एका बाकावर, नापासही एकाच वर्षी. पुढे त्यानं इमारतींच्या वायरिंगची कामं घ्यायला सुरुवात केली, एक जुनी एसयूव्ही घेतली आणि मिस्त्रींना म्हणाला, "असं करून दे की माझ्या नातवालाही वापरता येईल." दोस्ताचं काम म्हटल्यावर मिस्त्रींनी हात राखला नाही. एरवी चार आडवे पाइप घालायचे तिथे सात घातले. आठवडाभर दुसरं काम हातात धरलं नाही.

आठ महिन्यांनी शहराबाहेरच्या उतारावर, डावीकडच्या वळणाला ती गाडी उलटली. टपावर केबलची तीन रिळं होती. वायरमन जागच्या जागी गेला. कागदावर कारण लिहिलं गेलं, अतिवेग. गाडीचा चुराडा झाला होता आणि कॅरिअरचा एक टाकासुद्धा सुटला नव्हता. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं त्यावर काठी आपटून विचारलं होतं म्हणे, "हे कुणी केलंय?"

वायरमनच्या बायकोनं, मिस्त्रींच्या वहिनींनी, ते कॅरिअर मिस्त्रींकडे पाठवून दिलं. तुमच्या हातची वस्तू आहे, भंगारात कशी घालू, असा निरोप होता. मिस्त्रींनी ते रडत उतरवून घेतलं आणि शेडच्या दर्शनी बाजूला टांगलं, दोस्ताची आठवण म्हणून. लोकांनी मात्र त्याचा जाहिरातीचा बोर्ड केला. येणारा प्रत्येक जण वर बोट दाखवायचा. "तसलंच करा, त्या अपघातात टिकलं तसलं." वहिनी स्वतः चार जणांना सांगायच्या, "आमचा माणूस चुकला, वस्तू नाही चुकली. कॅरिअर करायचं तर भाऊजींकडून करून घ्या." पुढची तीन वर्षं मिस्त्रींना जेवायला सवड नव्हती. शेडमध्ये दुसरं मशीन आलं. दोस्त गेला आणि धंदा वाढला, हे त्यांना डाचायचं. पण डाचलं म्हणून कुणी गिऱ्हाईक परत पाठवतं का?

मग एक दिवस शोरूमच्या पार्ट्स काउंटरवरचे एक वयस्क गृहस्थ फाटकाची बिजागरी घेऊन आले. हाडकुळा, हळू बोलणारा माणूस. टाका लागेपर्यंत ते वर टांगलेल्या कॅरिअरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "याचं वजन किती हो?"

"वजन कोण करतंय? ताकद बघा त्याची."

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ गाडीबरोबर मिळणारं छोटं पुस्तक घेऊन आले. एका ओळीवर बोट ठेवलं. टपावर जास्तीत जास्त पंच्याहत्तर किलो, कॅरिअरचं वजन धरून.

"एवढ्यानं टप फाटतोय होय?" मिस्त्री हसले.

"टपाला काही होत नाही. डोक्यावर भरलेली बादली घ्या, पळत जा आणि एकदम वळा. काय होईल? गाडीचं तेच होतं."

मिस्त्रींचं हसू तिथेच विरलं. गृहस्थ गेल्यावर त्यांनी शिडी लावली, कॅरिअर उतरवलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवलं. अठ्ठावन्न किलो. केबलची रिळं साठ-साठची, तीन. बेरीज करायला कागद लागला नाही. वायरमन त्या वळणावर पंच्याहत्तरच्या जागी दोनशे अडतीस किलो डोक्यावर घेऊन गेला होता, आणि ते सगळं आरामात मावेल अशी सोय त्याच्या दोस्तानं करून दिली होती.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी कानाला खडा लावला. कॅरिअर बंद. कुणी विचारलं तर म्हणायचे, खांदा दुखतो, शोरूममधून घ्या. लोकांनी तर्क केला, म्हाताऱ्याला शोरूमवाले कमिशन देत असणार. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. आधीच्या गिऱ्हाइकांपैकी एकतीस जणांचे पत्ते सापडले, त्यांची घरं ते पालथी घालत हिंडले. टाके तपासायचेत अशी थाप मारून एकोणीस कॅरिअरं त्यांनी उतरवून आणली. बाकीच्यांनी हसून वाटेला लावलं.

एका घरी मात्र खरं सांगणं भाग होतं, आणि तिथेच ते बोलले नाहीत. जायचे पुष्कळदा. वहिनींचा नळ बदलून दिला, कपाटाची बिजागरी बसवली, मुलाच्या नोकरीचे पेढे खाऊन आले. पण ते एवढं एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही. मेलेल्याला काय फरक पडतो, वेगानं गेला काय अन् वजनानं गेला काय? आता कुठे ती माणसं सावरलीत, उगाच जखमेवरची खपली का काढा? अशी मनाची समजूत घालायची आणि मूग गिळून बसायचं. भित्रेपणाला माणूस किती सोज्वळ नावं देतो बघा. अशी नऊ वर्षं गेली.

मग त्यांच्या लेकीनं एसयूव्ही घेतली. लेक आजाऱ्यांसाठी घरपोच खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर भाड्यानं देते. दवाखान्यातली लोखंडी खाट दुमडली तरी पंचेचाळीस किलोची. लेक शेडमध्ये आली, टेपनं टप मोजला आणि म्हणाली, "बाबा, तीन खाटा मावतील असं करून द्या."

"कंपनीचं घे. सतरा किलोचं येतं. एक खाट वर, एक मागची सीट पाडून आत. तिसरीला दुसरी खेप."

"कंपनीच्या दांड्यांवर एकच खाट चालते, म्हणून तर तुमच्याकडे आले. पेशंट घरी येऊन पडलेला असतो बाबा, खाटेची वाट बघत. दुसरी खेप कधी करू?"

"खांदा दुखतो माझा."

"काल फाटक उचललंत तेव्हा नाही दुखला?" तिचा आवाज चढला. "सगळ्या शहराला करून दिलंत आणि पोटच्या पोरीला शोरूमचा पत्ता सांगता? ठीक आहे. चौकापलीकडचा वेल्डर तयार आहे. तुमचं जुनं कॅरिअर एका गाडीवर बघितलंय त्यानं, हुबेहूब करून देतो म्हणाला. परवा बसवतोय."

ती निघून गेली. मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. ज्या वस्तूला नऊ वर्षं हात लावला नाही, ती परवा दुसऱ्याच्या हातून पोरीच्या डोक्यावर बसणार होती. आणि दुखऱ्या खांद्याची सबब आता संपली होती.

लेकीनं तेवढ्यावर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गाडी घेऊन परत आली, शेजारच्या सीटवर वहिनी. वहिनींचा शब्द बाबा मोडत नाहीत हे तिला माहीत होतं. वहिनी कामाच्या लोखंडी घोड्याला धरून सावकाश आत आल्या.

"भाऊजी, पोरीचं मन कशाला मोडता? द्या करून. तुमच्या हातचं कॅरिअर कसं असतं ते माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक आहे? एवढी गाडी उलटली, पण—"

"वहिनी, त्याच्यामुळेच उलटली," मिस्त्री म्हणाले.

तोंडातून एकदा निघालं ते निघालं. मग ते थांबले नाहीत. पुस्तकातली ओळ सांगितली, भंगारवाल्याचा काटा सांगितला, अठ्ठावन्न, साठ, साठ, साठ. खाली मान घालून बोलत होते. लेक दाराशी उभी होती, तिच्या हातातली किल्ली वाजायची थांबली.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे ते वेगात नव्हते?"

"कागदावर वेग ताशी साठ लिहिलाय. साठच्या वेगानं मी मोकळी गाडी त्या वळणावरून किती वेळा नेली, मोजदाद नाही. काही होत नाही, वहिनी."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"नऊ वर्षं झाली."

वहिनी स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, कुणाकडेच न बघता.

"मी त्या माणसाचा फोटो भिंतीवर लावला नाही. मला राग होता. घरी बायको आहे, चौदा वर्षांचं पोर आहे, आणि हा माणूस कुठली घाई करायला गेला? पोरगा जरा पळाला, जरा भरभर जेवला, की मी म्हणायची, बापावर गेलास. गाडी शिकायची म्हणाला तर शपथ घातली, स्टिअरिंगला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. सव्वीस वर्षांचा झालाय, अजून बसनं जातो. बापाचं नाव निघालं की उठून आत जातो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या कॅरिअरचं मी काही म्हणत नाही, भाऊजी. तुम्ही जीव लावून केलंत, तुम्हाला ठाऊक नव्हतं. पहिली तीन वर्षंसुद्धा सोडून देते. पण पुढची नऊ? त्यांचं मी काय करू?"

माफीच्या एवढ्याशा शब्दात ते बसणार नव्हतं, हे मिस्त्रींना कळत होतं.

"आज तो घरीच आहे," वहिनी उठत म्हणाल्या. "चला. मला सांगितलंत तेच त्याला सांगा. मी सांगणार नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे."

मिस्त्रींनी मशीनचं बटण बंद केलं, हात धुतले, शेडचं दार ओढून घेतलं. लेकीनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं. वहिनींच्या घराच्या वळणावर लेक म्हणाली, "त्या वेल्डरला मी नको म्हणून सांगते, बाबा." आणि तिनं गाडी अगदी हळू वळवली.

मुलगा जेवायला बसत होता. मिस्त्रींना बघून हसला, काका या म्हणाला, ताट वाढू का म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "ताट राहू दे. हे काय सांगतायत ते ऐक. मधे उठू नकोस."

मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मान वर ठेवून सांगितलं, कारण समोरच्या चेहऱ्यावर वायरमनचं नाक होतं, वायरमनच्या भुवया होत्या, आणि त्या चेहऱ्याकडे न बघता हे सांगणं म्हणजे पुन्हा एकदा लपवणं झालं असतं. बापाचं नाव निघालं तेव्हा मुलाचा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला, पण तो उठला नाही. नऊ वर्षांचं सांगून झालं तेव्हा त्यानं एकदाच मिस्त्रींकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मिस्त्रींनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

सगळं सांगून संपलं. मुलगा आईकडे वळला, आणि सव्वीस वर्षांच्या त्या दाढीवाल्या माणसानं शाळकरी पोरासारखं विचारलं, "मग आई, मी आता गाडी शिकू?"

वहिनींनी नुसती मान हलवली, हो म्हणून, पुन्हा पुन्हा. मिस्त्रींना वाटलं, आता आपण उठून जावं. पण त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून ते बसून राहिले.