झोळीचं वजन

हे आजवर माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ज्यांच्या हाताखाली मी संख्याशास्त्र शिकले, त्या सरांना सांगायला हवं होतं. ते गेले, आणि खरं सांगू? त्या दिवशी रडता रडता मला थोडं हायसं वाटलं होतं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच बहुधा सांगता येतंय.

माझा एक शोधनिबंध आहे. तसे पुष्कळ आहेत, पण बाकीचे कुणी वाचत नाही. हा एक मात्र चालला. आमच्या धंद्यात माणसाची किंमत ठरते ती सायटेशनवर — म्हणजे दुसऱ्या किती जणांनी आपल्या लेखनात तुमचा आधार घेतला, यावर. कुणी आधार घेतला की मला मेल येते. अजूनही येते. सहकारी म्हणतात, तुझं काय बुवा, एका निबंधावर प्रोफेसर झालीस. गमतीत म्हणतात. मी हसते — काय करणार?

निबंध मोखाड्याकडच्या पाड्यांवरच्या लहान मुलांचा. त्यांना सहा महिने तयार आहाराची पाकिटं दिली होती. आधी आणि नंतर वजनं घ्यायची, वाढ मोजायची. काटा स्प्रिंगचा, तुळईला टांगायचा. त्याला कापडी झोळी अडकवायची, झोळीसकट काटा शून्यावर आणायचा आणि मग पोर झोळीत ठेवायचं. पहिल्या फेरीत सगळं नीट झालं. दुसऱ्या फेरीत शून्यावर आणायचा स्क्रूच फिरेना. जव्हारला परत नेणारी जीप बाहेर हॉर्न वाजवत होती.

अंगणवाडीच्या सेविका सेवंतीताई काट्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, पोर नाय तरी काटा हलला."

"असू दे ताई," मी म्हणाले, "पुण्याला गेल्यावर प्रत्येकाच्या वजनातून झोळी वजा करीन."

तसं करता येतं. त्यात गैर काही नाही. पण मी ते विसरले — आणि विसरणं काही गुन्हा नव्हे. इथवर मी तुमच्यासमोर मान वर करून उभी राहू शकते. पुढचं सांगायला जीभ जड होते.

निष्कर्ष झकास आला. मुलं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली होती. निबंध एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवला, सोबत सेवंतीताईंनी अंगणवाडीच्या स्वतःच्या काट्यावर तोलून नोंदवहीत लिहिलेले आकडेही मीच मोठ्या उत्साहाने जोडले. तिथल्या परीक्षकाने एकच शंका काढली: त्याच आठवड्यातली अंगणवाडीची वजनं तुमच्यापेक्षा कमी कशी?

मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. सेवंतीताईंचं प्रत्येक वजन माझ्यापेक्षा कमी होतं — आणि प्रत्येक मुलामागे तेवढंच कमी. वेंधळ्या माणसाच्या चुका अशा येतात का? त्या वर जातात, खाली जातात; एका मापाने येत नाहीत. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते. कपाटावरची प्रवासाची बॅग काढली, तळातली झोळी काढली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. तेवढीच भरली.

ती वजा केली की जादा वाढ उरतच नव्हती. म्हणजे निबंधही उरत नव्हता. आणि बढतीचा अर्ज तर गेलेला होता. मग मी काय केलं? आता विसरले नव्हते. आता मला पक्कं ठाऊक होतं. मी झोळी घडी करून परत बॅगेत ठेवली आणि निबंधात एक वाक्य वाढवलं: स्थानिक सेविकेने घेतलेली वजनं विश्वासार्ह न आढळल्याने विचारात घेतलेली नाहीत. 'न आढळल्याने' — भाषा किती सभ्य असते आमची.

निबंध छापून आला आणि माझे आकडे प्रमाण मानले गेले. सेवंतीताईंनी कमी वजनाची म्हणून नोंदवलेली काही पोरं माझ्या यादीत बऱ्या गटात होती; त्यांचा जादा आहार थांबला. ते वाक्य सेविकांच्या मासिक बैठकीत, मराठी करून, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी गप्प बसले. त्या पोरांचं पुढे काय झालं? मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते.

त्याहून वाईट आहे ते सांगते. परवा बसून त्या सगळ्या मेल वाचून काढल्या. पाकिटांच्या आहाराबद्दल माझा आधार फारसं कुणी घेत नाही. घेतात तो त्या एका वाक्याचा. सेविकांच्या नोंदी भरवशाच्या नसतात, असं म्हणायचं झालं की कंसात माझं आडनाव येतं. त्यातल्या कित्येकांनी मोखाडा नकाशावरसुद्धा पाहिला नसेल.

गेल्या वर्षी जव्हारला सेविकांच्या प्रशिक्षणात मला भाषणाला बोलावलं. विषय — अचूक नोंदी. गेले. बोलले. संपल्यावर सेवंतीताई चहाचा कप घेऊन माझ्याकडे आल्या. केस पार पिकले होते. आता विचारणार — झोळी वजा केलीत का, मॅडम?

त्यांनी काखेतली नोंदवही काढली. "मॅडम, आता मी दरेक पोराला दोन डाव तोलते. तुमच्या पुस्तकात लिवला होता ना, माझा चुकतो म्हणून. तवापासून माझा मलाच भरवसा नाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली — प्रत्येक नावासमोर हाताने आखलेले दोन रकाने, पहिल्या तोलाचा आणि दुसऱ्या तोलाचा. मी पानं उलटत गेले. वर्षभराची पानं. दोन्ही रकान्यांत सगळीकडे एकच आकडा होता.

"छान करता, ताई," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातून चहा घेतला.